विमानाची झबली

३ जानेवारी, शुक्रवार

ही वही खरं तर ब्लाउजांच्या मापांची. आजपासून पुढून गिऱ्हाइकांची मापं आणि मागून माझं मन, असं ठरवलंय. मनातलं कुणाला तरी सांगायला पाहिजे, आणि सांगावं असा घरात एकच माणूस आहे. त्याच्याचबद्दल सांगायचंय, तेव्हा वहीच बरी.

तर आमच्या ह्यांनी, म्हणजे बसप्पांनी, मागच्या शेडमध्ये तीन वर्षं खपून विमान बांधलं. खरंखुरं, दोन सीटचं, माणूस घेऊन उडणारं. मी ज्याला सांगते तो आधी हसतो आणि मग माझं तोंड बघून गप्प होतो. त्या शेडमध्ये आमचे आठ यंत्रमाग होते. हे स्वतःच मालक आणि स्वतःच जॉबर, म्हणजे माग बसवणं, जुळवणं, दुरुस्त करणं सगळं ह्यांच्याच हातचं. माग भंगारात गेले त्या दिवशी हे शेडच्या पायरीवर बसले ते अकरा महिने बसले. जेवायला हाक मारली तर 'हूं'. आरोहीचा, आमच्या लेकीचा, पुण्याहून फोन आला तर 'हूं'. मी घरात एकटीच बोलून बोलून रेडिओ झाले होते.

मग ह्यांचे मित्र सयाजीराव आले. सांगोल्याकडं त्यांची डाळिंबाची बाग आहे. सैन्यात हेलिकॉप्टर चालवायचे. निवृत्त झाले तरी आभाळ सुटत नाही, म्हणून शेतात मातीची धावपट्टी करून ठेवलीय. त्यांनी ह्यांना हाताला धरून तिकडं नेलं आणि एक बंद पडलेलं इंजिन पुढ्यात ठेवलं. त्या दिवशी जेवताना ह्यांनी मला पाच मिनिटं कार्ब्युरेटर समजावून सांगितला. मला एक अक्षर कळलं नाही. मी ताटावरच रडले.

म्हणून मी विमानाला कधी नाही म्हटलं नाही. विमान मला आवडतं असं मात्र कुणी समजू नये.

डिसेंबरात सगळे कागद हातात आले. हे उडवायला शिकलेत, परवानाही आहे. एकटे बसले तर विमान झकास चढतं. पण परवा दुसऱ्या सीटवर वाळूचं पोतं बांधून बघितलं, तर चढेचना. मिनिटाला कसंबसं एकशे नव्वद फूट. उतरल्या उतरल्या सयाजीराव म्हणाले, "बसाप्पा, दोन माणसांचं वजन घिऊन मिनिटाला तीनशे फूट चढलं तर दुसरी शीट ऱ्हाईल. न्हायतर मी सवता ती उपटून फळी ठोकणार. आन् काय करायचं ते पाडव्यापतोर कर. पाडव्यानंतर पोरं पट्टीवर डाळिंब लावत्यात, म्या शब्द दिलाय."

येताना गाडीत मी म्हटलं, एकटं उडायला काय हरकत आहे? तर हे म्हणाले, "हूं." तो हूं मी ओळखते. घरी आल्यावर सरळ शेडच्या पायरीवर जाऊन बसले. त्या पायरीनं माझा नवरा एकदा अकरा महिने नेलाय.

७ जानेवारी, मंगळवार

आज पायरीवरून उठले. उठले ते थेट माझ्या दुकानात, म्हणजे आमच्या पुढच्या खोलीत, आणि म्हणाले, "सिद्धू, तुझ्याकडं शिवणाचं काम हाय."

पंख खालून तोलून धरायला विमानाला दोन्ही बाजूंना दोन-दोन दांडे आहेत, लोखंडी गोल नळ्या. मला वाटायचं गोल म्हणजे वाऱ्याला सोपं. तसं नाही म्हणे. वारा पुढून फुटतो, दोन्ही अंगांनी जातो, पण मागं नीट जुळत नाही. तिथं भोवरे पडतात आणि ते दांड्याला मागं ओढतात. दांड्याच्या पाठीमागं निमुळती शेपटी लावली की वारा सरळ जुळून निघून जातो. माझ्या खडूनं माझ्याच टेबलावर चित्र काढून दाखवलं. पुढून गोल, मागं टोक.

"म्हंजे मुळा की," मी म्हटलं.

"मुळाच. टोक मागं."

"टोक पुढं नको? सुई टोकाकडनंच शिरती."

"ते कापडात. वाऱ्यात न्हाय."

शेपटीचा हलका फोम हे कापणार. त्यावर पंखांना लावलंय तेच कापड मी घट्ट शिवायचं. वरून इस्त्री फिरवली की ते आकसून कातडीसारखं बसतं. थोडक्यात, दांड्यांना झबली शिवायची. मी तसं म्हटल्यावर हे हसले. किती दिवसांनी हसले! दात बघूनच मला बरं वाटलं.

पण संध्याकाळी ह्यांनी सगळं घालवलं. मला कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानात नेलं आणि काट्यावर उभं राहा म्हणाले. का, तर "काटा बरोबर हाय का बघायचंय." चार बायका बघत होत्या. त्रेसष्ट किलो. ते ह्यांनी खिशातल्या कागदावर लिहूनही घेतलं. काटा तपासायला दुकानदार मेला होता काय? आणि बायकोला पोत्यासारखी जोखायला लाज कशी वाटत नाही माणसाला?

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत झाली. सोलापूरच्या गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या मैदानावर, गर्दी, गिऱ्हाइकांची ही घाई, त्यातून मी शेंगापोळ्या केल्या. ह्यांनी एकच खाल्ली. एक! ज्या माणसानं लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नऊ खाल्ल्या होत्या आणि दहावीसाठी माझ्या आईकडं बघितलं होतं. परवा भोगीलाही अर्ध्या भाकरीवरच उठले. विचारलं, मीठ कमी पडलं का? नाही. साखर निघाली का रक्तात? नाही. मग? "हूं."

पहाटे उठून सिद्धेश्वर तळ्याला तीन-तीन फेऱ्या मारतात. संध्याकाळची भजी बंद, चहात साखर बंद. साठीला आलेला पुरुष अचानक बारीक व्हायला लागला की बायकोच्या मनात काय काय येतं ते मी वहीतसुद्धा लिहिणार नाही. माझ्या हातची चव गेली असेल तर तसं सांगावं, एवढंच माझं म्हणणं.

आरोहीला फोन केला. दुसरी सीट तिच्यासाठीच असणार, बापाचा लेकीवर भारी जीव. तर ती म्हणाली, "आई, मला घाटात एसटीत उलटी होते. मी विमानात कशाला बसू? आणि बाबांनी मला विचारलंही नाहीये." विचारलं नसलं तरी मनात असणारच. हा माणूस मनातलं विचारतो कुठं.

२६ जानेवारी, रविवार

आज सांगोल्याला जाऊन झबली चढवली. चार मोठी, आणि मधल्या बारीक टेकूंना चार छोटी. मी शिडीवर उभी राहून विमानाला इस्त्री केली. सयाजीराव म्हणाले, "वैनी, माझ्या सदऱ्याला बी कुणी येवढ्या मायेनं इस्त्री केली न्हाय." मी म्हटलं, तुमचा सदरा उडून दाखवू दे, मग बघू.

विमान जमिनीवर असलं की शेपटीकडून टेकलेलं असतं, नाक आभाळाकडं, दारात बसलेल्या कुत्र्यासारखं. हे प्रत्येक झबल्याला पाणसळ लावत होते. नळीतला बुडबुडा बरोबर मधोमध येईपर्यंत सोडलं नाही. चाळीस वर्षं माग बसवलेत. माग जमिनीशी सूतभर वाकडा बसला तर कापड वाकडं येतं, तेव्हा ही सवय हाडात गेलीय. शेवटी आठही झबली जमिनीशी अशी समांतर बसली की मला त्यांचा अभिमान वाटला. झबल्यांचा, असं म्हणायचंय मला.

२ फेब्रुवारी, रविवार

एकशे साठ.

आधी एकशे नव्वद होतं. एवढं शिवून, ताणून, इस्त्री करून तीस फूट कमी झालं. दोनदा उडवून बघितलं, तेच. वेगही कमी. सयाजीराव भला माणूस, त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "झबली दिसाय लई देखणी हायत, वैनी. पर विमान रुसलंय. काडून टाकू या."

मला वाटलं, माझीच शिवण वाईट. कुठं चुणी राहिली असेल, कुठं टाका वर आला असेल. शिडी लावून एकेक शिवण बोटानं बघितली. चुणी नाही, काही नाही. ह्यांनी माझ्या हातातली सुई काढून घेतली आणि म्हणाले, "तुझी चूक न्हाय." मग घरी येईपर्यंत एक शब्द नाही. आल्यावर पायरी.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज दिवसभरात चार हूं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी माझ्या जुन्या गिऱ्हाईक शरणम्मा आल्या त्या भांडायलाच. नातवाच्या बारशाला शिवलेला ब्लाउज पिशवीतून काढून माझ्या टेबलावर आपटला. "सिद्धेश्वरी, तुज्यावर इस्वास ठेवला की गं! बसले तर बरोबर, उभी राहिले की पाठ वर. फोटोत सगळी पाठ उघडी!"

मी ब्लाउज हातात घेतला आणि मला माझीच चूक आठवली. त्या वेळी त्यांच्या गुडघ्याला प्लास्टर होतं. उठता येत नव्हतं, म्हणून मी घरी जाऊन त्या कॉटवर बसलेल्या असतानाच माप घेतलं. बसलं की माणसाची पाठ गोल होते, पोट पुढं येतं, खांदे पडतात. ब्लाउज काही कॉटवर बसायला शिवत नाहीत. पाहुण्यांत उभं राहायला शिवतात. तीस वर्षं मशीन चालवून मी ही पोरकट चूक केली. हात जोडले, नवीन शिवून देते म्हटलं, चहा पाजला. त्या निवळल्या आणि गुडघ्याची सगळी हकिकत सांगत बसल्या.

मी मान डोलवत होते, पण माझं लक्ष उडालं होतं. डोळ्यासमोर ते विमान येत होतं, शेपटीवर बसलेलं. आणि पाणसळीतला बुडबुडा.

विमान वर गेल्यावर शेपूट उचलतं. मी शंभरदा बघितलंय, धावायला लागलं की आधी शेपूट उठतं आणि मग चाकं सुटतात. म्हणजे जमिनीवर ज्या झबल्यांचा बुडबुडा मधोमध होता, ती वर गेल्यावर तोंडं खाली घालून चालली असणार. वाऱ्याला सरळ जाऊ देण्याऐवजी आडवीच येत असणार. ह्यांनी बसलेल्याचं माप घेतलं!

आज बोलायचं धाडस झालं नाही. ह्यांना चूक दाखवावी आणि तो माणूस आणखी आत जावा, असं झालं तर? उद्या बोलेन.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बोलले. पायरीसमोर उभी राहून शरणम्मांच्या ब्लाउजाचं सगळं सांगितलं. हूं म्हणाले. मग म्हटलं, "तुमी बी बसल्यालंच माप घेतलंय. इमान उभं राहिलं की झबली वाकडी."

ह्यांनी हातातला ताकाचा पेला खाली ठेवला. उठले, शेडमध्ये गेले, भिंतीवर खडूनं विमान काढलं, एक बसलेलं, एक उडणारं. पट्टीनं कोन मोजला. बारा अंश. मोबाइल काढून सयाजीरावांना सांगितलं आणि तिकडून त्यांचं हसणं मला दारापर्यंत ऐकू आलं.

फोन ठेवून म्हणाले, "चाळीस वर्षं माग बसवले. पर माग कधी जागचा उठत न्हाय की, सिद्धू."

असं म्हणून स्वतःच हसले. मी आत येऊन डोळे पुसले. कांदा चिरत नव्हते.

१६ फेब्रुवारी, रविवार

शेपटीखाली पिंप ठेवलं, पिंपावर दोन पाट, त्यावर शेपूट. विमान उडताना असतं तसं उभं केलं आणि मग सगळी झबली सोडवून पुन्हा बसवली. मी कापड उसवून पुन्हा शिवलं, पुन्हा इस्त्री. उन्हानं डोकं तापलं, पण हे दर दहा मिनिटांनी पाणी आणून देत होते. सयाजीराव बाजल्यावर बसून हुरडा खात सल्ले देत होते, ज्यांतला एकही कुणी ऐकला नाही.

दोनशे पासष्ट.

उतरल्यावर ह्यांनी बोटांनी मला आकडा दाखवला, आधी दोन, मग सहा, मग पाच, लहान पोरासारखे लांबूनच. आणखी पस्तीस पाहिजेत. पण आता हे पायरीवर बसणार नाहीत एवढं मला कळलं. निदान आज नाही.

९ मार्च, रविवार

ह्यांनी माझ्याकडून लोकर मागून घेतली. बोटभर लांबीचे तुकडे करून दांड्यांवर, पंखांखाली, सगळीकडं चिकटपट्टीनं डकवले. विमान लेकरांनी खेळून सोडलेल्या मांजरासारखं दिसत होतं. वारा सरळ जातो तिथं लोकर सरळ मागं राहते, भोवरा असेल तिथं फिरते. पंखाला मोबाइल बांधून चित्रण करून आणलं.

तिघं बाजल्यावर बसून बघत होतो. झबल्यांवरची लोकर कशी नीट विंचरलेल्या केसांसारखी मागं गेलेली. पण जिथं दांडा पंखाला मिळतो आणि जिथं खाली विमानाच्या अंगाला मिळतो, तिथली लोकर वेड्यासारखी गरगरत होती. हे आणि सयाजीराव दोघंही त्या सांध्याकडं बोट दाखवून इंजिनाबद्दल बोलायला लागले. मी म्हटलं, इंजिन राहू द्या. बाही मुंड्यात नुसती सरळ जोडली की बगलेत कापड गोळा होतं. तिथं तिरकस कापडाचा एक तुकडा घालावा लागतो, म्हणजे हात हलतो. तुमच्या विमानाच्या बगलेत तो तुकडाच नाही.

सयाजीराव ह्यांना म्हणाले, "बसाप्पा, तू उगं तीन वर्षं पुस्तकं वाचलीस." हे म्हणाले, "व्हय की." आणि माझ्याकडं असं बघितलं की मी पदर नीट केला. चौतीस वर्षं झाली लग्नाला, अजून असं बघायचं काही कारण नाही.

आठ सांध्यांचे आठ कागदी नमुने कापून आणलेत. प्रत्येक सांध्याचा वेगळा, कारण कुठल्याच माणसाची डावी-उजवी बगल सारखी नसते आणि विमानाचीही नाही.

२३ मार्च, रविवार

तीनशे दहा!

बगलांचे आठही तुकडे बसवून उडवलं. सयाजीरावांनी आपल्या हातानं आकडा ह्यांच्या वहीत लिहून सही केली. सीट राहिली. मी बाजल्यावरच बसले.

वाळूचं पोतं दुसऱ्या सीटवरून उतरवून बाजूला ठेवलं होतं. त्याच्यावर ह्यांच्या अक्षरात खडूनं लिहिलं होतं, ६३. मी म्हटलं, पोतं साठचं करायचं की, मोजायला सोपं, हे त्रेसष्ट काय मध्येच? सयाजीराव म्हणाले, "वैनी, तुमी झबल्यातली चूक हुडकली, बगलंतला वारा हुडकला, आन् हे न्हाय कळलं व्हय? तीन म्हैनं झालं ह्यो गडी सवता उपाशी ऱ्हातोय. सात किलो घटवलं त्यानं. पोत्यातली मूठभर वाळू काड म्हटलं तर अंगावर येतोय. म्हनतोय, पोतं हाय तेवडंच ऱ्हानार, तिला कमी खा म्हणनार न्हाय."

हे लांब जाऊन विमानाच्या नाकावरच्या पंख्याचं पातं पुसत होते, जे आधीच स्वच्छ होतं.

त्या धान्याच्या दुकानातल्या बायकांसमोर मी ह्यांना मनातल्या मनात किती शिव्या दिल्या होत्या. आणि शेंगापोळी. बाई गं.

२५ मार्च, मंगळवार

काल ह्यांनी विचारलं. विचारलं म्हणजे काय, "पाडव्याला सकाळी वारा शांत असतो," एवढंच म्हणाले आणि थांबले.

मी नाही म्हटलं. एकदम तोंडातून गेलं. मला गच्चीच्या कठड्याशी उभं राहवत नाही, जत्रेतल्या पाळण्यात मी कधी बसले नाही. झबली शिवणं वेगळं आणि झबल्याच्या भरवशावर आभाळात जाणं वेगळं. म्हटलं, आरोहीला न्या. नाहीतर सयाजीरावांना.

"हूं," म्हणाले. रागानं नाही. मग नेहमीसारखं ताट धुवून ठेवलं. आज सकाळपासून पायरीवर आहेत.

२९ मार्च, शनिवार

चार दिवस मी मशीन चालवत होते आणि कान मागच्या दारी. इतके दिवस मी विमानाला, दांड्यांना, वाऱ्याला, सगळ्यांना दोष देत होते, की तुम्ही माझा नवरा पायरीवर बसवला तर बघून घेईन. आणि शेवटी बसवला कुणी? मी.

दुपारी दुकान बंद केलं आणि जाऊन त्याच पायरीवर ह्यांच्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत मी तिथं कधी बसले नव्हते. नुसती समोर उभी राहून हाका मारायचे. दोघंही रिकाम्या शेडकडं बघत होतो. मग हे आपणहून बोलले.

"माग चालायचे तवा तू रोज दुपारी चा घिऊन यायचीस. हितंच उभी राहून कायबाय सांगायचीस. आठ मागांचा आवाज. मला एक शब्द ऐकू यायचा न्हाय. मी नुसतं हूं म्हनायचो."

मला वाटायचं ह्यांना सगळं ऐकू येतं.

"तीस वर्षं तू काय सांगत होतीस, मला म्हाईत न्हाय," हे म्हणाले. "इमानात बी आवाज असतो. पर कानाला लावायचं यंत्र हाय. दोघांना बी. सगळं ऐकू येतं."

मी म्हटलं, उद्या गुढी सातच्या आत उभी करू, म्हणजे उन्हाच्या आधी पोचता येईल.

३० मार्च, रविवार, पाडवा

ह्यांनी स्वतः माझा पट्टा बांधला, दोनदा ओढून बघितला. कानाला ते यंत्र लावलं. "बा, कुंद्रु," कानडीत म्हणाले, म्हणजे ये, बस. लग्नानंतर पहिल्यांदा घरात नेताना सासूबाई तेच म्हणाल्या होत्या. इंजिन सुरू झालं आणि मी डोळे मिटून सिद्धरामाचं नाव घ्यायला लागले. शेपूट उचललं. चाकांची खडखड एकदम थांबली. मी एक डोळा उघडला, तो खिडकीतून थेट माझ्या झबल्यावर. कापड तट्ट. टाका हलत नव्हता. म्हटलं, हे टिकलंय तर आपणही टिकू, आणि दुसरा डोळा उघडला.

खाली डाळिंबाच्या रांगा, लांब कुठंतरी टँकर, आणि सयाजीराव टोपी हलवताना, मुंगीएवढे. चढाईचा काटा तीनशेच्या पुढं. कानात हे म्हणाले, "ऐकू येतंय?" म्हटलं, येतंय. "मंग सांग की कायबाय."

तीस वर्षांचं सांगायचं राहिलेलं, आणि तोंडातून काय निघालं, तर, "शेंगापोळीत गूळ जास्त झाला होता का?" हे इतके हसले की विमान थोडं डुललं. मग मी जे सुरू झाले ते उतरेपर्यंत. काय बोलले ते लिहीत नाही, ते ह्यांनी ऐकलंय.

उतरल्यावर सयाजीरावांनी विचारलं, "वैनी, भ्या वाटलं का?"

"वाटलं," मी म्हटलं. "पर हे गप बसत्यात तवा वाटतंय तेवडं न्हाय."

मला वाटलं होतं हे हूं म्हणतील. नाही म्हणाले. गाडीत बसल्याबरोबर सुरू झाले. उद्या पट्टीवर नांगर फिरणार, पण दुधनीच्या अलीकडं एकाचं माळरान आहे, तिथं चांगली पट्टी होईल. पंख्याचं पातं थोडं बदललं तर तीनशे चाळीस मिळतील. चाकांनाही झबली शिवता येतील का? मी 'हूं' म्हणत होते. मंगळवेढ्याच्या आधीच मला झोप लागली असावी. जागी झाले तेव्हा सोलापूर आलं होतं, सिग्नलला गाडी उभी होती, आणि हे अजून बोलतच होते.